आयडल चढलंय? स्क्रूला हात लावण्याआधी जादा हवेची वाट शोधा

सिग्नलला गाडी उभी आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला आहे, तरी इंजिन बाराशे-पंधराशे आरपीएमवर (मिनिटाला फेरे) गुरगुरतंय. क्लच सोडायला गेलं की गाडी पुढे झेपावते. गर्दीत पहिल्या गिअरमध्ये ब्रेक सतत दाबून ठेवावा लागतो, रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो, घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक मिळायला हवा तेवढा मिळत नाही आणि पेट्रोल जातं ते वेगळंच. पाय काढलेला असतानाच्या इंजिनाच्या वेगाला आयडल म्हणतात, आणि ते असं चढणं हे जुन्या पेट्रोल गाड्यांचं नेहमीचं दुखणं आहे. त्यावर सर्रास होणारा इलाज म्हणजे स्क्रूड्रायव्हर घेऊन आयडलचा स्क्रू अर्धा वळसा सोडवणं. रेस उतरते, गिऱ्हाईक खूश होतं. पंधरवड्यात तीच गाडी सकाळी थंडीत बंद पडू लागते, एसी लावला की थरथरते, आणि मग तोच स्क्रू पुन्हा आवळला जातो.

तो स्क्रू आपोआप फिरत नाही. काल आयडल नीट होतं आणि आज चढलं, तर बदललं ते दुसरंच काही. ते शोधायचं कसं, हे इथे क्रमाने मांडतो. डोळ्यापुढे मुख्यतः मारुती ८०० ठेवली आहे. १९८३ च्या डिसेंबरात आलेली, २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलेली ही गाडी आजही गावोगाव चालते. तिच्यात कार्बोरेटरही (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारा) होता आणि २००० च्या सुमारापासून एमपीएफआयही (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी पद्धत) आलं, त्यामुळे दोन्ही पद्धती एकाच गाडीवर समजून घेता येतात. ओम्नी, झेन, एस्टीम, जुनी सँट्रो किंवा पेट्रोल इंडिका असेल, तरी वाट हीच.

इंजिनाचा वेग हवा ठरवते

ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोल सुटतं असं आपण बोलतो. प्रत्यक्षात उघडते ती हवेच्या वाटेतली पत्र्याची गोल चकती, म्हणजे थ्रॉटल. पेट्रोल त्या हवेच्या मागोमाग येतं: कार्बोरेटरमध्ये हवेच्या ओढीने, एमपीएफआयमध्ये ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, हिशेबाने. पाय काढल्यावर चकती जवळजवळ बंद होते आणि इंजिन बंद पडणार नाही एवढीच हवा आत जाते.

म्हणजे आयडल चढलं असेल तर इंजिनाला जास्त हवा मिळते आहे. ती तीनच वाटांनी येऊ शकते. एक, थ्रॉटल पूर्ण मिटत नाही. दोन, थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, कुठेतरी फट पडली आहे. तीन, हवा मुद्दाम आत सोडणारी एखादी यंत्रणा (थंड इंजिनाला रेस देणारी चोकची फास्ट आयडल, एसी लावल्यावर रेस सांभाळणारी आयडल-अप, एमपीएफआयचा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह) उघडी राहिली आहे किंवा तिला चुकीचा हुकूम मिळतो आहे. हवेशी संबंध नसलेलं चौथं कारण म्हणजे ठिणगी वेळेच्या फार आधी पडणं. पुढची सगळी तपासणी या चारांपैकी तीन बाद करण्याची आहे.

एमपीएफआयबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या जुन्या गाड्यांत हवा मोजायला मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब वाचतो. फटीतून आलेली हवाही दाब वाढवते, ईसीयूला ती खरी हवा वाटते आणि तो तिच्या जोडीला पेट्रोल देतो. म्हणून अशा गाडीत फट पडली की इंजिन अडखळण्याऐवजी चक्क छान, पण जोरात चालतं. आवाज एकसारखा आहे म्हणजे लीकेज नाही, असा निष्कर्ष या गाड्यांत काढता येत नाही. कार्बोरेटरमध्ये उलट आहे: छोट्या फटीने रेस थोडी चढते आणि इंजिन खडबडतं, मोठ्या फटीने गाडी आयडलला उभीच राहत नाही.

आधी मोजा, मग नोंदवा

बरोबर आकडा किती, हे बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. ढोबळमानाने या गाड्या पूर्ण गरम झाल्यावर ८०० ते ९५० आरपीएमच्या आसपास चालाव्यात. सकाळच्या पहिल्या स्टार्टला १२०० ते १५०० असणं दोष नाही. ती रेस चार-पाच मिनिटांत उतरत यायला हवी. एसी लावल्यावर थोडी चढणंही अपेक्षित आहे.

मारुती ८०० मध्ये टॅकोमीटर नसतो, म्हणून बरेच जण कानावर जातात. कान फसतात, विशेषतः सायलेन्सर फुटलेला असेल तर. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) असलेल्या गाडीत फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या मल्टिमीटरने काम होतं. मीटरची एक वायर इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हला, दुसरी बॉडीला लावा. तीन सिलिंडरच्या इंजिनाला येणारा हर्ट्झचा आकडा ४० ने गुणा, चार सिलिंडरच्या इंजिनाला ३० ने. ८०० वर साडेबावीस हर्ट्झ आले तर ९०० आरपीएम. कॉइलच्या त्या टोकाला शेकडो व्होल्टचे झटके असतात, त्यामुळे मीटर ६०० व्होल्टचा असावा आणि वायरी इंजिन बंद असताना जोडाव्यात. साधारण २०१० नंतरच्या गाडीत ओबीडीचा (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लागणारा) छोटा डोंगल आणि मोबाइल पुरतो.

आता लक्षण कधी दिसतं ते कागदावर लिहा. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण अर्धं निदान इथेच होतं.

थंड असताना ठीक, गरम झाल्यावर रेस चढते: तापल्यावर उघडणारी फट, बहुधा कार्बोरेटरखालचं पॅकिंग किंवा रबरी पाइप. थंडीत चढलेली रेस गरम होऊनही उतरत नाही: चोक, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), कूलंट किंवा टेंपरेचर सेन्सर. रेस दिल्यावर वर अडकते आणि पेडल पायाने वर उचललं की उतरते: वायर, स्प्रिंग किंवा थ्रॉटलवरचा कार्बन. सारखी वर-खाली होते, हजारावरून दोन हजारावर आणि परत: एमपीएफआय असेल तर मोठं लीकेज जवळजवळ नक्की. थ्रॉटल मिटलेलं असताना आरपीएम ठरावीक मर्यादेवर गेले की ईसीयू पेट्रोल तोडतो. वेग पडतो, पेट्रोल परत सुरू होतं, जादा हवेने वेग पुन्हा चढतो, आणि हे चक्र चालू राहतं. या झोक्यांचा दोष सरळ ईसीयूवर टाकून तो बदलायला निघणारे असतात. ईसीयू इथे आपलं काम चोख करत असतो.

गाडी कशानंतर बिघडली तेही लिहा. बॅटरी बदलली? थ्रॉटल बॉडी साफ केली? हेडचं काम झालं? सीएनजी किट बसवलं? दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेलं दुखणं शंभरातल्या नव्वद वेळा त्या दुरुस्तीतच असतं.

काम सुरू करण्यापूर्वी

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून आणि चाकाला दगड किंवा ठोकळा लावून उभी करा. जागा उघडी हवी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओढणी, सैल बाह्या, मफलर दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा सूचना न देता सुरू होतो.

पहिली पायरी: पेडल ते थ्रॉटल

आधी फुकटातली कारणं. पायाखालचं मॅट सरकून पेडलवर चढलंय का बघा. जाड रबरी मॅटवर दुसरं कापडी मॅट टाकलेलं असेल तर हमखास.

मग बॉनेट उघडा. ॲक्सिलरेटरची वायर जिथे थ्रॉटलच्या अर्धगोल चाकाला जोडते तिथे बोटाने दाबून पाहा. वायरमध्ये किंचित ढील हवी. वायर तारेसारखी ताठ असेल तर तीच चकती उघडी धरून बसली आहे. नट सैल करून ढील द्या. आता चाक हाताने पूर्ण उघडा आणि सोडा. खट्‌ असा आवाज येऊन ते स्टॉपवर आदळायला हवं. हळूहळू, अडखळत परत येत असेल तर वायर काढून पुन्हा तेच करा. वायर काढल्यावर झटकन मिटलं तर दोष वायरीत: आतली तार तुटून तिचे केस बाहेरच्या आवरणात अडकतात, किंवा दोन पावसाळ्यांत आत गंज धरतो. अशा वायरीत तेल सोडून वेळ मारून नेऊ नका. वायर स्वस्त आहे, आणि उघडा अडकलेला थ्रॉटल जीवावर बेततो. वायर काढूनही चाक अडखळलं तर दोष थ्रॉटलमध्येच: काळा चिकट कार्बन, थकलेली स्प्रिंग किंवा झिजलेला शाफ्ट.

शाफ्टचं दोन्ही बाजूंचं टोक बोटात धरून वर-खाली हलवा. जाणवेल एवढा खेळ असेल तर तिथूनही हवा आत जाते आणि चकती दर वेळी वेगळ्या जागी बसते. अशा गाडीचं आयडल आज एक, उद्या दुसरं. जुन्या कार्बोरेटरमध्ये हे फार होतं. बुश बदलून मिळत असेल तर बदला, नाहीतर कार्बोरेटरच बदलावा लागतो. दोन तोंडांच्या कार्बोरेटरमध्ये दुसरी चकती विसरू नका. ती फक्त जोरात रेस दिल्यावर उघडते, आणि कार्बनने किंचित उघडी चिकटली तर पहिल्या चकतीवर कितीही मेहनत केली तरी रेस उतरत नाही.

दुसरी पायरी: चोक आणि आयडल-अप

कार्बोरेटरवाल्या ८०० मध्ये डॅशबोर्डवर चोकची खुंटी असते. ती पूर्ण आत दाबा आणि कार्बोरेटरवर चोकची चकती खरोखर उभी, म्हणजे पूर्ण उघडी झाली का ते डोळ्यांनी पाहा. चोकचा दांडा एका कॅममधून थ्रॉटललाही थोडं उघडतो. वायर मधेच अडकली तर खुंटी आत दिसते, पण कॅम वरच राहतो. पेट्रोलचा वास, काळसर धूर आणि चढलेली रेस एकत्र दिसली तर आधी इथेच बघा.

एसी असलेल्या गाडीत थ्रॉटलच्या दांड्याला ढकलणारी छोटी डब्बी असते, तिला मॅनिफोल्डमधल्या ओढीचा, म्हणजे व्हॅक्यूमचा, पाइप जातो. एसी बंद असताना तिची काडी थ्रॉटलपासून सुटलेली हवी. पाइप चुकीच्या टोकाला जोडला गेला की आयडल-अप कायम चालू राहते.

तिसरी पायरी: तोंड बंद करून पाहणं

सगळ्या तपासण्यांमध्ये मी सर्वाधिक भरवसा ठेवतो तो या एकीवर. हिला ना मशीन लागतं ना पैसे.

इंजिन गरम करा, बंद करा, एअर फिल्टरचा पाइप थ्रॉटलच्या तोंडावरून काढा. इंजिन सुरू करून आयडलवर येऊ द्या आणि त्या तोंडावर जाड रबराचा किंवा प्लायवुडचा सपाट तुकडा हळूहळू सरकवत पूर्ण झाका. हात वापरू नका, कार्बोरेटरमधून उलटी आग येऊ शकते. तोंड झाकताना पीसीव्हीचा पाइप, म्हणजे टप्पेट कव्हरमधून मॅनिफोल्डकडे जाणारा, पक्कडीने कापडावरून चेपून धरा. नाहीतर इंजिन क्रँककेसमधून श्वास घेत राहील. काही एमपीएफआय गाड्यांत आयडल व्हॉल्व्हची हवा फिल्टरकडून वेगळ्या पाइपाने येते, तोही चेपा.

इंजिन गुदमरून बंद पडलं तर बाहेरची फट नाही. हवा थ्रॉटलच्या तोंडातूनच किंवा आयडल व्हॉल्व्हमधून जाते आहे, म्हणून एमपीएफआय असेल तर पाचव्या, कार्बोरेटर असेल तर सहाव्या पायरीकडे जा. इंजिन आरामात चालतच राहिलं तर हवा दुसरीकडून येते आहे. ती कुठून, हेच पुढचं काम.

चौथी पायरी: फट शोधणं

इंटेक मॅनिफोल्डला जोडलेला प्रत्येक रबरी पाइप एकेक करून चेपा. चेपताक्षणी रेस उतरली तर दोष त्या पाइपात किंवा तो जिथे जातो तिथे.

ब्रेक बूस्टरचा जाड पाइप आधी घ्या. तो चेपल्यावर रेस उतरली तर बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो, आणि मग हा प्रश्न आयडलचा राहत नाही, ब्रेकचा होतो. खात्रीसाठी इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, शेवटी दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली जायला हवं. गेलं नाही, किंवा पेडल दाबल्यावर फुस्स असा आवाज आला आणि रेस बदलली, तर बूस्टरचं काम होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, आतला दाणा खुळखुळायला हवा. इंजिन चालू असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवलं की ओढ जाणवावी आणि रेस थोडीशीच उतरावी. रेस धाडकन पडली तर तो उघडा अडकला आहे. कॅनिस्टर (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणारा डबा) असलेल्या गाडीत ती वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा पाइपही असाच चेपून बघा.

पाइप नुसते वरून बघून पास करू नका. रबर कडक होतं ते टोकाला, नळीवर चढवलेल्या शेवटच्या सेंटिमीटरमध्ये. वरून पाइप काळा, गुळगुळीत, ठणठणीत दिसतो. तो बोटांत धरून वाकवा. आतल्या बाजूला, जिथे नजर जात नाही, तिथे केसाएवढी भेग ओठासारखी उघडते आणि सोडल्यावर परत मिटते. इंजिन बंद असताना ती दिसतच नाही. इंजिन थरथरलं की उघडते. टोकाचे दोन सेंटिमीटर कापून पाइप पुन्हा चढवला तर तात्पुरतं भागतं, पण एक पाइप असा झाला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत. सगळे एकदम बदला. पेट्रोल सोसणारं रबरच घ्या. मत्स्यटाकीची पारदर्शक नळी बसवलेल्या गाड्या पाहिल्या आहेत, ती उष्णतेने मऊ होऊन आत चिकटते.

पाइप निर्दोष निघाले तर सांधे. साध्या पाण्याची फवारणीची बाटली घ्या आणि मॅनिफोल्ड जिथे हेडला बसतो ती रेघ, कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडीचा तळ, इंजेक्टरच्या रबरी रिंगा यांवर थोडं थोडं मारा. फटीवर पाणी गेलं की ती क्षणभर बुजते आणि रेस बदलते. डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि प्लगच्या टोप्या भिजवू नका. कार्बोरेटर क्लीनर फवारून बघण्याची पद्धत प्रचलित आहे आणि तिच्यात रेस स्पष्ट बदलते हेही खरं. पण तो द्रव पेट घेणारा आहे आणि फवारा एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीच्या जवळ पडतो. पाण्याने काम होत असताना आगीशी खेळ कशाला? वर्कशॉपमध्ये स्मोक मशीन असेल तर उत्तम: बंद इंजिनात धूर भरतात आणि फट असेल तिथून तो बाहेर येतो.

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड काळा इन्सुलेटर असतो. नट जास्त आवळले की तो वाकतो किंवा त्याला चीर जाते, आणि नेमकी ती चीर गरम झाल्यावर उघडते. काढलाच असेल तर काचेवर सपाट ठेवून चारही कडांखाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. वाकलेला असेल तर सिलिकॉन फासून बसवू नका. पेट्रोलने साधं सिलिकॉन फुगतं आणि तुकडे आत जातात. नवा इन्सुलेटर, दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग, आणि नट तिरपे-तिरपे, थोडे थोडे आवळत आणा.

व्हॅक्यूम गेज मिळाला तर ही सगळी शोधाशोध कमी होते. तो मॅनिफोल्डच्या नळीला जोडा. चांगलं इंजिन समुद्रसपाटीवर आयडलला १७ ते २१ इंच पारा दाखवतं, काटा स्थिर. उंचीवर दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करा. रत्नागिरीत १९ दाखवणारी गाडी पुण्यात १७ च्या आसपास आणि महाबळेश्वरला साडेचौदाच्या जवळ दाखवेल, आणि तिन्ही ठिकाणी ती ठीकच असेल. हे माहीत नसल्यामुळे निरोगी इंजिनाला लीकेज ठरवलं जातं.

पाचवी पायरी: एमपीएफआयला मिळणारा चुकीचा हुकूम

बाहेरची फट नाही, थ्रॉटल मिटतं, तरी रेस वरच. मग ईसीयू मुद्दाम हवा सोडतो आहे का बघा. इंजिन थंड आहे अशी समजूत झाली की तो रेस वाढवतो. ती समजूत दोन प्रकारे होते.

पहिला प्रकार आपल्याकडे फार. "गाडी गरम होते" म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकला जातो. मग कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन चालू वेगात ८०-९० अंशांवर पोचतच नाही, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाडकडे. ईसीयू बिचारा थंड इंजिनाला द्यायचं तेच देतो: जादा हवा, जादा पेट्रोल. थर्मोस्टॅट परत बसवणं हाच इलाज. गाडी त्याने खरोखर तापत असेल तर रेडिएटर, पंखा, वॉटर पंप बघा.

दुसरा प्रकार म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सर. गेजचा सेन्सर आणि ईसीयूचा सेन्सर बऱ्याच गाड्यांत वेगळे असतात, त्यामुळे डॅशबोर्डवरचा काटा बरोबर असणं हा पुरावा नाही. सेन्सरचा प्लग काढून दोन पिनांमध्ये रोध मोजा. २० अंशांना तो साधारण २ ते अडीच किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास हवा. इंजिन तापल्यावरही हजार-दीड हजार ओहम दिसले तर सेन्सर गेला.

कूलंटची पातळीही बघा, इंजिन पूर्ण थंड असताना. काही जुन्या जपानी घडणीच्या थ्रॉटल बॉडींत मेण भरलेला व्हॉल्व्ह असतो. कूलंटच्या उष्णतेने मेण फुगतं आणि जादा हवेची वाट बंद होते. कूलंट कमी असेल किंवा हवा अडकली असेल तर उष्णता तिथे पोचत नाही आणि वाट उघडीच राहते. सेन्सर बदलून थकलेल्या माणसाची गाडी कधी कधी अर्धा लिटर कूलंट आणि नीट एअर काढण्याने बरी होते.

थ्रॉटल पोझिशन सेन्सरची सिग्नल वायर इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून मोजा. पाय न लावता अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण दाबल्यावर चारच्या वर, आणि मधे कुठेही उडी न मारता चढायला हवं. मिटलेल्या थ्रॉटललाही एक व्होल्ट दिसत असेल तर ईसीयूला तुमचा पाय पेडलवरच वाटतो.

राहिला आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह. तिसऱ्या पायरीसारखा फिल्टरचा पाइप काढून, पण तोंड न झाकता, थ्रॉटल बॉडीतलं त्याचं छोटं भोक बोटाने बंद करा. रेस उतरली तर हवा तिथूनच जाते. काढून थ्रॉटल क्लीनरने काजळी धुवा, सुळका ओढू-दाबू नका, पॅकिंग नवं घाला. साफसफाईनंतर किंवा बॅटरी काढल्यावर काही दिवस रेस चढलेली राहू शकते. काजळी असतानाचा हिशेब ईसीयूने लक्षात ठेवलेला असतो. मॅन्युअलमधली आयडल शिकवण्याची पद्धत करा, किंवा गाडी गरम करून एसी लावून-काढून काही मिनिटं शांत आयडलवर चालू द्या.

सहावी पायरी: ठिणगीची वेळ

डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (ओढीनुसार ठिणगी आधी पाडणाऱ्या डब्बीचा) पाइप काढा आणि पाइपाचं तोंड बंद करा. या पाइपाला थ्रॉटलच्या वरच्या भोकातून ओढ मिळत असेल (बहुतेक कार्बोरेटरमध्ये तसंच असतं) तर आयडलला काहीही फरक पडायला नको. रेस उतरली तर पाइप चुकून थेट मॅनिफोल्डला जोडला आहे, किंवा थ्रॉटल इतकं उघडं आहे की ते भोक उघडं पडलं आहे. मग टोपी काढून रोटर हाताने थोडा फिरवून सोडा. स्प्रिंगने तो परत यायला हवा. परतला नाही तर आतली वजनं गंजून ॲडव्हान्समध्ये अडकली आहेत. शेवटी टायमिंग लाइट लावून स्टिकरवरच्या अंशांशी जुळवा.

सीएनजी-एलपीजी किट असेल तर

आधी पेट्रोलवर, मग गॅसवर आयडल मोजा. दोन्हीवर चढलेलं असेल तर दोष वर सांगितलेल्यांपैकीच. फक्त गॅसवर चढत असेल तर रेड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) आयडल स्क्रू किंवा हवेत गॅस मिसळणारा मिक्सर. किट बसवताना व्हॅक्यूमच्या पाइपात जोडलेले टी-जोड, आणि बॅकफायरने फाटलेला फिल्टरचा रबरी कोपरा, हे दोन्ही आवर्जून बघा.

डिझेलला यातलं जवळजवळ काही लागू नाही. तिथे आयडल पंपाचा गव्हर्नर ठरवतो. एक मात्र लक्षात ठेवा: डिझेल इंजिनाची रेस आपोआप चढतच गेली आणि चावी बंद करूनही थांबत नसेल, तर ते स्वतःचं ऑइल जाळतं आहे. वरच्या गिअरमध्ये ब्रेक गच्च दाबून क्लच सोडा किंवा हवेचं तोंड फळीने बंद करा, हाताने कधीच नाही.

आता स्क्रू

एमपीएफआय गाडीत थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूवर रंगाचा ठिपका असतो. तो कारखान्याने बसवलेला आहे, त्याला हात लावू नका. कोणी आधीच फिरवला असेल तर चकती न चिकटता जेमतेम मिटेल अशा जागी परत आणा आणि नंतर थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज तपासा.

कार्बोरेटरमध्ये मात्र शेवटी जुळवणी लागतेच, कारण फट बुजल्यावर आधी केलेल्या भरपाया उघड्या पडतात. गाडी वीस-एक मिनिटं चालवून आणा. चोक आत, एसी-दिवे बंद, पंखा थांबलेला, एअर फिल्टर जागेवर. दोन्ही स्क्रू (आयडलचा वेग ठरवणारा स्पीड स्क्रू आणि पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू) किती वळसे आत जातात ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे परतीची वाट राहते. आधी स्पीड स्क्रूने आकड्यावर आणा. मग मिक्श्चर स्क्रू हळूहळू फिरवत इंजिन सर्वांत वेगात आणि गुळगुळीत चालेल ती जागा शोधा, रेस चढली की स्पीड स्क्रूने परत आणा. हे दोन-तीनदा करा. मिक्श्चर स्क्रू टोकापर्यंत आत घालूनही इंजिन बंद पडत नसेल तर पेट्रोल दुसरीकडून येतं आहे, म्हणजे थ्रॉटल अजून जास्त उघडं आहे. पहिल्या पायरीवर परत जा.

यानंतर पीयूसी करून घ्या, कारण ती चाचणीही आयडलवरच होते. बीएस-२ (भारत स्टेज प्रदूषण मानक) च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. बीएस-२ आणि बीएस-३ ला अर्धा टक्का आणि ७५० पीपीएम. जुन्या कार्बोरेटरवर दीड-दोन टक्क्यांपर्यंत आलं आणि इंजिन गुळगुळीत असलं तर मिक्श्चर जमलं. तीनच्या कडेला टेकत असेल तर स्क्रू थोडा आत घ्या आणि रेस पुन्हा मोजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण थंड इंजिन सुरू करून बघा. कार्बोरेटरवाली चोक ओढून पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागली, चोक टप्प्याटप्प्याने आत ढकलताना बंद न पडता उतरली, आणि एमपीएफआयवाली काही मिनिटांत आपणहून आकड्यावर आली, तर काम झालं. तीन-चार दिवसांनी एसी लावून, हेडलाइट लावून, गर्दीतून फिरून आल्यावर एकदा आरपीएम मोजा आणि बॉनेटच्या आत खडूने किंवा मार्करने आकडा आणि तारीख लिहून ठेवा.